पंचांगाच्या तळाची ओळ

पंचांग ज्योतिषी करतात असा लोकांचा समज आहे. असू द्या. आमचे ज्योतिषीबुवा वर्षाचं गणित करून कागदांचा गठ्ठा पाठवायचे आणि हात झटकून मोकळे व्हायचे. ते आकडे चौकटीत बसवायचे, तपासायचे, पुन्हा तपासायचे, छापायचे, शिवायचे आणि कोपऱ्याला भोक पाडून सुतळी ओवायची, म्हणजे मग ते लोकांच्या दाराशी खुंटीला लटकतं. हे सगळं प्रेसवाल्यांचं काम. नागपुरात महाल भागाला लागून आमचा प्रेस आहे. तिथे माझं आयुष्य गेलं आणि अजून थोडं जातंच आहे. त्या पंचांगात माझं खातं कोणतं? तर पानाच्या अगदी तळाचं. तिथी-नक्षत्रांची चौकट संपली की खाली एक ओळ म्हण असते ना, ती निवडायची आणि बसवायची. "हे काय काम झालं?" असं विचारणारे भेटतात. त्यांना मी सांगते, एक वर्ष ती ओळ न टाकता पंचांग विकून दाखवा.

यातली गंमत अशी की आमच्या घरात पंचांग नव्हतंच. माझ्या बाबांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली, तेव्हाच मुहूर्त, उपास, एकादश्या सगळं दाराबाहेर ठेवलं. मी पंचांगाच्या प्रेसमध्ये लागले म्हटल्यावर ते म्हणाले, "दुनियेले एकादशी सांगजो, पण घरी नको आणजो." मी शब्द पाळला. आज झोपेतून उठवून विचारलंत तरी मी पुढच्या महिन्यातली चतुर्थी सांगेन, पण उपास म्हणून एक वेळचं जेवण कधी सोडलेलं नाही.

ती ओळ पानाच्या तळाला आली कशी, हे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पंचांगाचं एक पान म्हणजे एक पंधरवडा. पण पंधरवडा हा नावालाच पंधरा दिवसांचा. मधेच एखादी तिथी गळते, मधेच एखादी वाढते. त्यामुळे चौकटीत कधी चौदा ओळी, कधी पंधरा, कधी सोळा. कागद मात्र तेवढाच. आता खिळ्यांच्या, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं जुळवून केलेल्या छपाईत जी जागा तुम्हाला कागदावर कोरी दिसते, तिथे प्रत्यक्षात शिशाचे ठोकळे ठासून भरलेले असायचे. ते सैल राहिले की मशीन फिरताच सगळी जुळणी सुटायची आणि दिवसभराची मेहनत जमिनीवर सांडायची. ठोकळे भरण्यापेक्षा तिथे एखादी ओळ जुळवून टाकली तर काय बिघडलं, असा विचार थोरल्या मालकांच्या काळात कुणा कंपोझिटरने केला आणि घरी आई जे बोलायची त्यातलं एक वाक्य तिथे बसवलं. म्हणजे तिथी गळाल्याने जी जागा सुटली, ती म्हणीला मिळाली. प्रेस तिथून पुढे कॉम्प्युटरवर गेला, शिसं भंगारात गेलं, जागा हवी तशी ताणता-आखडता येऊ लागली. ओळ मात्र हलली नाही. हलवली असती तर लोकांनी आमचं दार फोडलं असतं.

आमचे मालक म्हणजे काकाजी. सगळा प्रेस त्यांना काकाजीच म्हणतो. थोरल्या मालकांचे ते चिरंजीव. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. ते म्हणायचे, "छपाई तर काल आली वं कमल. म्हण त्याच्या आधीची." छापील पंचांग नव्हतं तेव्हा पाडव्याला जोशी घरोघर जाऊन वर्षाचं फळ वाचून दाखवायचे. कोणत्या नक्षत्राला पाऊस कोणत्या वाहनावर बसून येणार, बेडकावर की म्हशीवर, हे ऐकून ठेवायचं तर ऐकणाऱ्याला वाचता येत नव्हतं. म्हणून जोशीबुवा प्रत्येक नक्षत्राला एकेक म्हण चिकटवून द्यायचे. यमक जुळलेलं असलं की बाया जात्यावर आणि माणसं नांगरामागे ती घोकत राहायची. पाडव्याचं वाचन दुपारपर्यंत लोक विसरले तरी म्हण वर्षभर डोक्यात राहायची. मला दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात. आठवणीसाठी ती जन्मली आणि रिकाम्या जागेमुळे टिकली.

आणि ती लोकांना का आवडते म्हणाल, तर पंचांगात तेवढीच एक गोष्ट अशी आहे जी खोटी पडत नाही. पाऊस चुकला की लोक प्रेसला फोन करून आमच्या सात पिढ्या काढतात. म्हणीला कोणी काही बोलत नाही, कारण म्हण तारीख सांगत नाही. दुसरं असं की बाकीचं पंचांग दुसऱ्याने सांगायचं आणि आपण ऐकायचं. म्हणीचं तसं नाही. ती वाचली की माणसाला वाटतं, अरे, हे तर माझ्याच घरात बोलतात.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. शहराच्या कडेला बेशाला नवीन फ्लॅटमध्ये राहणारं एक जोडपं आहे. दोघंही निवृत्त, दोघंही तोंडाने खमकी, आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं जवळपास बंद. बाई दर दिवाळीच्या आगेमागे येऊन पंचांग घेऊन जातात. एकदा मी सहज विचारलं, तर म्हणाल्या, "अहो, आम्ही ह्याच्यातूनच भांडतो." नवऱ्याच्या स्वभावाला लागू पडणारी ओळ असली की त्या तिच्याखाली लाल पेनने रेघ मारतात आणि पंचांग स्वयंपाकघराच्या दारात लावतात. नवरा चहा प्यायला येतो, वाचतो आणि पान उलटून स्वतःची ओळ शोधून निळ्या पेनने रेघ मारून जातो. मी म्हटलं, "बरं चाललंय की." त्या म्हणाल्या, "बरं कशाचं? तुम्ही बायकांवरच्या ओळी जास्त छापता. यंदा माझी बाजू पडली." मी पुढच्या वर्षी तोल सांभाळला. नवरोबा स्वतः तक्रार घेऊन आले तेव्हा मला फार बरं वाटलं.

कन्हानचा एक खाणीतला फोरमन होता. तो दर पंधरवड्याची ओळ शेडमधल्या फळ्यावर खडूने लिहायचा. एकदा फोन आला, आवाज असा की मला वाटलं छतच कोसळलं. "ताई, आषाढाची म्हण गलत छापली तुम्ही! आमची पोरं काम सोडून भांडून राहिली." त्यांच्याकडे तीच म्हण उलट्या शेवटाने बोलतात. निम्मी पाळी या बाजूला, निम्मी त्या बाजूला. मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं? तो म्हणाला, "मले काय वाटते? मले कोळसा काढायचा आहे." अशा वेळी मी दोन्ही पाठ बरोबर आहेत असं सांगून मोकळी होते. वेळ निभावून नेणं हेही या धंद्यात शिकावं लागतं.

पण प्रत्येक वेळ निभावून न्यायची नसते. तेच सांगण्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

काकाजींना आता ऐकू कमी येतं, पायही दुखतात. प्रेसचा कारभार त्यांचा मुलगा निखिल बघतो. पुण्याला शिकून आला. पोरगा वाईट नाही, हे आधीच सांगते. प्रेस बंद पडायच्या वाटेवर होता, तो त्याने उभा केला. मोबाइलवर पंचांग आणलं, पॅकिंग सुधारलं, आम्हा बायकांना बसायला पाठ असलेल्या खुर्च्या आणल्या. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात त्याने मला बोलावलं आणि म्हणाला, "ताई, यंदा विशेष अंक काढू. आजोबांच्या काळातल्या पहिल्या पंचांगांतल्या म्हणी, जशाच्या तशा. कव्हरवर तसंच छापू. आणि आत संकलन म्हणून तुमचं नाव."

खोटं कशाला बोलू, मला हरखायला झालं. इतकी वर्षं लोकांची नावं मी खिळ्याखिळ्याने जुळवली, ज्योतिषीबुवांचं, मालकांचं, जाहिरातवाल्या सराफाचं. माझं नाव हजेरीच्या पटाबाहेर कधी कागदावर आलं नव्हतं. घरी सुनेला सांगितलं तर तिने शेजारणींना सांगितलं. वस्तीत बातमी माझ्याआधी पोचली.

जुनी पंचांगं काकाजींच्या लाकडी कपाटात आहेत. निखिलने स्वतः त्यातल्या ओळी निवडून मला फोनवर फोटो पाठवले. मी चष्मा पुसून एकेक बघत गेले. बहुतेक छान. पाऊस, पीक, सासू, जावई, आळशी माणूस, कंजूष माणूस. आणि मग ज्येष्ठातल्या पानावरची ओळ आली.

ती म्हण मी इथे लिहिणार नाही. माझे वाचक जुने असतील तर त्यांना ती ठाऊक असेल, नवे असतील तर त्यांना ती कळायची गरज नाही. एवढं सांगते की तिच्यात आमच्या जातीचं जुनं नाव आहे, गावाबाहेरची आमची जागा आहे आणि आम्ही ती ओलांडू नये अशी तंबी आहे. बाबांनी जे नाव दीक्षाभूमीवर सोडलं ते पंचांगाने जपून ठेवलं होतं. म्हणी निवडायचं काम माझ्याकडे आल्यापासून ती कधी छापून आली नाही. कोणी मागितली नाही, मी दिली नाही. आता ती माझ्याच नावाखाली घरोघर लटकणार होती. आमच्या वस्तीतही लटकणार होती, कारण माझं नाव आहे म्हणून शेजारणींनी आधीच पंचांगं सांगून ठेवली होती.

मी सरळ निखिलच्या टेबलाशी गेले. म्हटलं, "ज्येष्ठातली ओळ नको."

त्याने बघितली. "ताई, हे हेरिटेज आहे. आपण कोण बदलणारे? त्या काळी लोक बोलायचे तसं."

"लोक तर अजून खूप काही बोलायचे."

"आता कोण मनावर घेतं?"

"मी घेते."

तो मग समजावणीच्या सुरात म्हणाला, "तुम्ही तर घरच्या आहात, ताई. आणि कव्हरवर 'जसंच्या तसं' म्हणायचं आणि आतून गाळायचं, ही गिऱ्हाइकाशी बेइमानी नाही का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तेवढ्यात त्याला फोन आला आणि तो बोलत बोलत बाहेर निघून गेला. मी तशीच उभी. घरच्या आहात म्हणे. घरच्या माणसाचा अपमान छापायला परवानगी लागत नाही, असा त्याचा अर्थ होत असेल तर मला ते घर नको होतं.

आमच्याकडे कॉम्प्युटरवर पानं लावणारा प्रकाश म्हणून आहे. स्वभावाने गरीब. त्याने सगळं ऐकलं होतं. दुपारी डबा खाताना हळूच म्हणाला, "ताई, कायले डोकं लावता? ती ओळ सोळा दिवसांच्या पानावर सरकवून देतो. तिथं खाली जागाच नाही. जागा नाही म्हणून आपोआप उडते. निखिलभाऊले पत्ताही नाही लागत."

युक्ती प्रेसवाल्याची होती आणि चोख होती. मला क्षणभर मोहही झाला. पण मी म्हटलं, "नाही रे प्रकाश. यंदा जागा नाही म्हणून उडाली, तर पुढल्या वर्षी जागा आहे म्हणून परत येईल. ती नको आहे म्हणून गेली पाहिजे, आणि ज्याने छापायची त्याने ती काढली पाहिजे."

"मग काय करता?"

मी कपाटाची किल्ली मागून घेतली.

काकाजींनी मला एक गोष्ट सांगितली होती, हसत हसत, पुष्कळ वर्षांपूर्वी. काकाजींचे लोक कोष्टी. उमरेडकडचे विणकर. थोरल्या मालकांनी माग सोडून छपाई धरली. आता विणकरांना बिनडोक ठरवणारी एक म्हण आपल्याकडे आहे, तीही मी लिहीत नाही. थोरल्या मालकांच्या कंपोझिटरने ती पंचांगात टाकली होती आणि मालकांचं लक्ष नव्हतं. काकाजी तेव्हा शाळेत. मास्तरांनी वर्गात ते पंचांग आणलं, ती ओळ मोठ्याने वाचली आणि काकाजींकडे बोट दाखवून म्हणाले, "हे पहा, ह्याच्याच बापानं छापली." सगळा वर्ग हसला. पोरगं घरी येऊन जेवलं नाही. पुढच्या वर्षीपासून ती ओळ गेली. काकाजी हे सांगताना हसत होते खरे, पण हसताना त्यांनी दोनदा नाक पुसलं होतं.

ती ओळ मला जुन्या पंचांगात सापडली. निखिलने निवडलेल्या ओळींत ती नव्हती. मुद्दाम वगळली की नजरेतून सुटली, मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. मी प्रकाशला म्हटलं, "चैत्र शुद्ध पक्षाच्या पानावर ही बसव. पहिल्या पानावर." प्रकाशने वाचली आणि म्हणाला, "ताई, दसऱ्याले वाचन असते." मी म्हटलं, "म्हणूनच."

आमच्या प्रेसची रीत अशी. दसऱ्याला मशीनची पूजा होते, झेंडूच्या माळा चढतात, आणि नव्या पंचांगाच्या पहिल्या पानाचं प्रूफ मालक सगळ्यांसमोर उभं राहून मोठ्याने वाचतात. वरच्या ओळीपासून तळाच्या ओळीपर्यंत, सलग. मग त्यावर मालकांची सही होते आणि सही झाल्याशिवाय मशीन फिरत नाही. आमच्या नागपुरात दसरे दोन असतात. सकाळचा माझा, धम्मदीक्षेच्या दिवसाचा; दुपारचा प्रेसचा. दर वर्षी मी पांढरं लुगडं नेसून पहाटे दीक्षाभूमीवर जाते आणि तशीच तिथून पूजेला येते. काकाजींनी त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही, उलट माझ्यासाठी पूजा थांबवून ठेवायचे. त्या दिवशीही मी तशीच आले. गर्दीतून चालून पायाचे तुकडे पडले होते. बरोबर बोलता येईल का, एवढीच धास्ती होती.

सगळे जमले. काकाजी खुर्चीत, निखिलची आई, बायको, बाइंडिंगच्या बाया, मशीनमन. निखिलने नवा कुर्ता घातला होता. मी प्रूफ त्याच्या हातात दिलं. त्याने प्रतिपदेपासून वाचायला सुरुवात केली. वाचतो छान. पौर्णिमा झाली, चौकट संपली, आणि तो तळाच्या ओळीवर आला. दोन शब्द वाचले आणि थांबला. पुढचा शब्द त्यांच्याच जातीचं नाव होतं.

 काकाजी खुर्चीतून म्हणाले, "काय गा, थांबला काहून? मोठ्यानं वाच. मले काही ऐकू येऊन नाही राहिलं."

"काही नाही, बाबा. प्रूफमध्ये चूक आहे."

"चूक नाही," मी म्हटलं. बोलता आलं. "जसंच्या तसं आहे. आजोबांच्या पंचांगातलं."

काकाजींना शब्द कळले नसावेत, पण चेहरे कळले. त्यांनी हात पुढे केला. निखिलला कागद द्यावा लागला. काकाजींनी चष्मा वर-खाली केला आणि ओळ वाचली. त्यांचे ओठ हलताना मला दिसत होते. मग त्यांनी कागद मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"कमल, ही तू टाकली?"

"हो, काकाजी."

"तुले तर मी सांगितलं होतं. शाळेतलं. मग काहून टाकली वं?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते दुखावले होते. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी दुखवलं नव्हतं आणि ते बघून मला रडू फुटलं. पण बोलायचं ते मी बोलले. त्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने बोलावं लागलं, त्यामुळे सगळ्या प्रेसने ऐकलं. "काकाजी, तुम्हाले लागली ती तुमच्या वडिलांनी काढली. मले जी लागते ती ज्येष्ठात छापून राहिले. माह्या नावानं. निखिलभाऊ म्हणतात, हेरिटेज आहे, हात लावता येत नाही. मग ही पण हेरिटेजच आहे ना जी?"

निखिल म्हणाला, "हे वेगळं आहे, ताई."

"काय वेगळं आहे? सांगा."

 प्रकाशने तेवढ्यात कोणी न सांगता ज्येष्ठाचं पान आणून काकाजींच्या हातात दिलं. स्वभावाने गरीब म्हटलं मी त्याला, ते शब्द परत घेते. काकाजींनी ती ओळही वाचली. 

मग म्हणाले, "दोन्ही एकाच सालच्या पंचांगात होत्या. माह्यासाठी बाबांनी आपली काढली. ही तशीच राहिली. मी मोठा झालो, मालक झालो, मीही छापली असन. मले दिसलीच नाही वं." आणि त्यांनी रुमाल काढला.

निखिलची आई म्हणाली, "अहो, सणाचं काय हे? सांगून टाका पोराले, काढून टाक म्हणून."

काकाजी म्हणाले, "मी नाही सांगत. सही त्याची आहे."

आता सगळे निखिलकडे बघत होते. मी मनातलं उरलेलं सांगून टाकलं. ही ओळ छापली गेली तर मी उद्यापासून येणार नाही आणि माझं नावही छापू नका. हे धमकी म्हणून बोलले नाही. मी सकाळी ज्या जागेवर उभी होते तिथून येऊन दुपारी दुसरं काही बोलणं मला जमणारच नव्हतं.

निखिलने खिशातून पेन काढलं. आधी ज्येष्ठाचं पान घेतलं आणि ती ओळ खोडली. मग चैत्राचं पान घेतलं आणि तीही खोडली. हा क्रम मी विसरणार नाही. आधी माझी, मग त्याची. मग कपाळाचा घाम पुसत जरा चिडूनच म्हणाला, "कव्हर बदलावं लागेल. 'जसंच्या तसं' आता चालणार नाही."

"बदला," मी म्हटलं.

"अजून किती काढायच्या आहेत?"

"आहेत. प्रसाद घेऊन बसू."

बसलो. पेढा तोंडात आणि पानं मांडीवर. विधवेवरची ओळ गेली, पहिल्या मुलीवरची गेली, आंधळ्यावरची गेली. एका ओळीवर तो अडून बसला, म्हणाला, यात थट्टा आहे, अपमान नाही, आणि मला ते पटलं. सासूवरच्या एका ओळीवर मी अडून बसले आणि हरले, कारण त्याची आई आणि बायको दोघीही म्हणाल्या की राहू द्या. ती ओळ छापली गेली याची मला अजून रुखरुख आहे. काही जागी म्हणी उरल्याच नाहीत, तेव्हा बाइंडिंगच्या बायांना हाक मारली. त्यांनी आपापल्या आयांच्या म्हणी सांगितल्या, आणि विशेष अंकात लोकांना सगळ्यात जास्त आवडल्या त्या याच.

अंक चांगला खपला. कव्हरवर नुसतं 'जुन्या निवडक म्हणी' असं होतं. आत माझं नाव होतं, शेजारणींनी ते पान उघडून उघडून चुरगाळलं. एकीने विचारलंही, की तुमच्या त्या पंचांगात आपल्याबद्दल काही वाकडं तर नाही ना? मी म्हटलं, "नाही. मी बघितलं आहे."

पाडव्याच्या सुमाराला प्रेसमध्ये फोन आला, मीच घेतला. मौद्याकडचे एक वयस्कर गृहस्थ होते. बोलणं फार गोड. अंकाची तोंडभर स्तुती केली, कागदाची केली, अक्षराची केली. मग म्हणाले, "पण बाई, एक फसकलास म्हण राहून गेली तुमच्याकून. जुन्या पंचांगात राहे. माहा आजा नेहमी म्हणे."

"कोणती जी?"

त्यांनी ती म्हटली. पूर्ण, ठसक्यात, नावासकट. आणि मनापासून हसले.

मी त्यांना हसू दिलं. मग म्हटलं, "राहून नाही गेली जी. काढली."

"काढली? काहून?"

"तुम्ही आता ज्यांचं नाव घेतलं ना, त्या घरातली मी. मीच काढली."

 ते फोन ठेवतील असं मला वाटलं, पण ठेवला नाही. मागून त्यांच्या सुनेचा आवाज आला, "कोणाचा फोन आहे जी, मामाजी?"

"कोणाचा नाही वं," ते म्हणाले. "राँग नंबर लागला."

नंबर बरोबर लागला होता.